कान नसलेली माणसं

मी काढलेल्या चित्रांतला एकही माणूस धड उभा राहत नाही. एक गुडघा वाकलेला, कमरेला मुरड, खांदे दारात अडकतील एवढे रुंद, पावलं मात्र बाहुलीची आणि केस कायम वाऱ्यावर. वारा कुठून येतो हे विचारायचं नाही. एकदा आमच्या व्हिलाच्या वॉचमनला मी खुर्चीत बसलेला काढला, तर तो बसल्या बसल्या एखाद्या राज्यावर चाल करून निघाल्यासारखा दिसायला लागला. मी त्याला चित्र दाखवलं. त्याने मनापासून कौतुक केलं आणि मग विचारलं, हा कोण?

या सगळ्याला जबाबदार एक परदेशी चित्रकार आहे. तो व्हिडिओ गेममधली पात्रं घडवतो. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, कारण त्याच्या व्हिडिओंमध्ये फक्त हात दिसतो. तो हात पांढऱ्या पडद्यावर येतो, आधी एक काळी सावली भरतो आणि मग त्या सावलीतून हळूहळू माणूस बाहेर काढतो. कॉलेजात असताना मी तो हात पहिल्यांदा पाहिला आणि ठरवलं की आपण याच्याकडून थोडं शिकायचं. थोडं शिकून झाल्यावर उठायचं राहून गेलं. त्याचे पट्टे, त्याची बक्कलं, त्याच्या खांद्यांवरची परातीएवढी चिलखतं माझ्या बोटांत राहायला आली ती भाडेकरूसारखी, आणि मग घरमालक झाली. मी भाजीवाला काढला तरी त्याच्या कमरेला चार पट्टे येतात. मी ते येऊ देत नाही, ते येतात.

यामुळे नोकरी जायचीही वेळ आली होती. मी कतारमध्ये, दोह्यातल्या मुशैरिब भागात एका ऑफिसात, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करतो. इमारत कशी दिसेल हे क्लायंटला आधी दाखवावं लागतं. त्या चित्रांत माणसं टाकायची असतात, आणि ती तयार मिळतात. फोनवर बोलणारा, बाबागाडी ढकलणारी, पांढऱ्या थोबमधला, म्हणजे अरबी झग्यातला, गृहस्थ, अशी. पण मला एकदा हुक्की आली. म्हटलं, एक माणूस तरी आपल्या हातचा असू दे. एका मॉलच्या दारात मी स्वतः काढलेला थोबवाला उभा केला. आमचा साहेब केरळचा. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं आणि हिंदीत शांतपणे म्हणाला, आपल्याला मॉल विकायचाय, जिंकायचा नाहीये. यल्ला, चल, याला खलास कर.

मी तो पुसला. ऑफिसात पुसणं सोपं असतं.

त्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर हायस्कुलात चित्रकला शिकवली. त्यांची एक पद्धत होती, ती त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होती. बहुतेक चित्रांवर ते कोपऱ्यात ‘ठीक’ लिहीत आणि परत करत. पण क्वचित एखाद्या चित्रावर ते बोलायचेच नाहीत. खिशातली पेन्सिल काढायचे आणि सरळ त्या चित्रावरच एखादी रेघ दुरुस्त करायचे. नाक जरा आत घ्यायचे, बैलाचा खूर पुढे आणायचे. ज्या पोराच्या कागदावर अण्णांची रेघ पडायची, ते पोर तो कागद वाऱ्यालाही लागू न देता घरी न्यायचं. मीही त्याच वर्गात बसायचो. माझ्या वाट्याला कायम ‘ठीक’ आलं. आता मी चाळिशी ओलांडली आहे, माझे केस पिकताहेत, आणि तरी ‘ठीक’ हा शब्द ऐकला की मला सातवीतल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

आमचा फ्लॅट अल हिलालमधल्या एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. व्हिला म्हटलं की गावाकडच्यांना बंगला वाटतो. प्रत्यक्षात मालकाने एका व्हिलाच्या इतक्या चिरफळ्या केल्यात की आमच्या स्वयंपाकघराला अर्धीच खिडकी आली आहे, उरलेली अर्धी शेजाऱ्यांकडे. बाहेर अशी उष्णता की दाराची कडी हाताला चटका द्यायची. अण्णा सकाळी दार उघडायचे, बाहेर एक पाऊल टाकायचे आणि कुणी ढकलल्यासारखे आत यायचे. मग दिवसभर स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या. एसीमुळे पायांत लोकरीचे मोजे. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचे एसीचे डबे दिसायचे, त्यांच्याकडे पाहत ते एकदा म्हणाले, “मी इथं फ्रीजमधली कोथिंबीर झालोय. टवटवीत आहे, पण कशासाठी?”

करमणूक म्हणून माझ्या मुलीने त्यांना माझी चित्रं दाखवायला घेतली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. “आजोबा, सी, बाबाज गेम पीपल,” म्हणत ती टॅबवर एकेक चित्र सरकवत होती. मी शेजारी बसून पेपर वाचतोय असं दाखवत होतो. बरीच चित्रं झाल्यावर अण्णा म्हणाले, “ठीक.” मग जरा थांबून मला म्हणाले, “तुझ्या माणसांना कान का नसतात?”

मी म्हटलं, असतात की, केसांखाली असतात.

“सगळ्यांचेच?”

मी घाईघाईने मागची चित्रं चाळली. बटांखाली, पदराखाली, शिरस्त्राणाखाली, कुठे नुसत्या सावलीखाली. कान एकही नव्हता. माझा तो परदेशी गुरू कान काढत नाही, केसांचा झुपका टाकून मोकळा होतो. आणि मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, का म्हणून. कान काढायला कठीण असतो, हे त्यालाही माहीत असणार, म्हणून.

“ऐकत नसतील कुणाचं,” अण्णा म्हणाले. मग टोपी काढून त्यांनी आपलं तुळतुळीत डोकं माझ्यापुढे धरलं. “माझं काढ. मला केस नाहीत. बघू कुठं लपवतोस.”

मी त्यांना टॅबवर काढलं. खरं सांगतो, मी प्रयत्न केला. पण पहिल्या चित्रात त्यांच्या डोक्यावर घोंगडीसारखी एक टोपी आली. दुसऱ्यात भुवया एवढ्या लांब झाल्या की त्या कानांवरून मागे उडाल्या. तिसऱ्यात गळ्यात मफलर. बायको मागून बघत होती. म्हणाली, “कतारमध्ये ऑगस्टात मफलर?” अण्णांनी तिन्ही चित्रं चष्मा लावून नीट पाहिली, तिसऱ्यातल्या खांद्यांवर बोट ठेवून ही परात कशासाठी आहे ते विचारलं, आणि टॅब माझ्या हातात परत दिला. काय म्हणाले ते सांगायला नकोच.

असा मी अडकलो होतो. स्वतःच्याच हातात. अण्णांच्या परतीचं तिकीट गणपती बसल्यानंतर दोन दिवसांचं होतं. त्याआधी माझ्या एका तरी चित्रावर त्यांची रेघ पडावी, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोला अर्थातच माहीत होतं.

खालच्या मजल्यावर चिपळूणचं एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडे गणपती बसतो, आणि आसपासची मराठी मंडळी संध्याकाळी आरतीला येतात. गाजावाजा नसतो, दार लावून घरच्या घरी. तिथल्या वहिनींनी मला विचारलं, भाऊजी, तुम्ही एवढे चित्रकार, दाराशी एक छोटीशी रांगोळी काढाल का? छोटीशी या शब्दाचा मला राग आला. मी म्हटलं, वहिनी, हॉलभर काढतो. नऊवारीतली बाई, हातात आरतीचं ताट, पाहुण्यांचं स्वागत करतेय. वहिनी हॉलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चालायला जागा ठेवा म्हणजे झालं.

अण्णा स्वतः रांगोळीतले दर्दी. लहानपणी गावच्या प्रदर्शनात ते मला बरोबर न्यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, की पाठ दाराकडे ठेवायची, लांबच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि काढत काढत मागे सरकायचं. म्हणजे चित्र संपतं तेव्हा आपण बाहेर असतो. मला हे पाठ होतं. पण मी आता मोठ्या गुरूचा शिष्य. त्या हाताची पद्धत वेगळी. आधी बाहेरची आकृती पूर्ण भरायची, नुसत्या सावलीवरून पात्र ओळखू आलं पाहिजे. मग कडेकडून आत आत यायचं. डोळे सगळ्यांत शेवटी. पडद्यावर हे फार सुंदर दिसतं.

पडद्यावर त्या हाताला मागे अंग नसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी ऑफिसातून रजा घेतली. सकाळी हॉलच्या एका भिंतीशी गणपती बसला, जेवणं झाली, वहिनी उकडीच्या मागे लागल्या आणि मी हॉलमध्ये बसलो. पूर्ण होईपर्यंत अण्णांनी खाली यायचं नाही अशी ताकीद देऊन ठेवली होती. रंगांच्या पुड्या इथल्याच एका रत्नागिरीकडच्या ओळखीच्या दुकानदाराने मागवून दिल्या होत्या. रांगोळी उडू नये म्हणून एसी बंद. भिंतीच्या कडेने पाहुण्यांसाठी वाट सोडली आणि मधली सगळी फरशी माझी. बाहेरची जांभळी पार्श्वभूमी भरली, मग पदराची सावली, मग निऱ्या, मग आत आत सरकत मुंडावळीपर्यंत आलो. बाईला मुंडावळ्या कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी तेव्हा तसं म्हटलं नाही. वहिनी एकदा दारातून डोकावल्या आणि विचारलं, “भाऊजी, मधेच बसलात का?”

“ही नवीन पद्धत आहे,” मी मान वर न करता म्हणालो.

डोळे झाले. मी समाधानाने मागे रेललो, उठायला हात टेकायला गेलो, आणि हात टेकायला जागाच नव्हती.

मी बाईच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसलो होतो. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी माझ्या आणि मोकळ्या फरशीच्या मध्ये एक आडवा माणूस मावेल एवढी रांगोळी. आणि मी बसलो होतो ती पाटाएवढी गोल जागा म्हणजे तिचं आरतीचं ताट. ते काढायचं राहिलं होतं, कारण त्यात मी होतो. बाई आपल्या मोठाल्या डोळ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याकडे रोखून बघत होती आणि मला ओवाळायला निघाली होती.

मी हाक मारली. वहिनी आल्या, बायको आली, मुलगी आली. तिघी दारात उभ्या राहिल्या. मग बायको खाली बसून हसायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, जसं माणूस मयताच्या घरी हसू आल्यावर करतं तसं. मुलीला यात काही अवघड वाटलं नाही. ती म्हणाली, “बाबा, जस्ट अनडू इट.”

उडी मारा, असं वहिनींनी सुचवलं. मी अंतर डोळ्यांनी मोजलं. माझ्या गुरूची पात्रं असल्या वेळी हवेत जातात आणि हवेतल्या हवेत आणखी एक उडी मारतात. मला पहिलीचीच खात्री नव्हती. रांगोळीने फरशी निसरडी होते आणि माझं वजन गेल्या काही वर्षांत चिलखतासकट असल्यासारखं झालंय. मग वहिनींनी आतून इस्त्रीचं टेबल आणलं, पाय मिटवून ते पुलासारखं आडवं टाकता येईल का बघितलं. ते निम्म्यातच संपलं. बायकोने तोवर एक फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. दोह्यातली आमची मराठी मंडळी एरवी आरतीच्या ‘घालीन लोटांगण’ला पोचतात. त्या दिवशी फोटो बघून वेळेआधी निघाली.

चालत बाहेर ये, असं बायको शेवटी म्हणाली. चार पावलं तर आहेत, पुसली तर पुसली. मला ते जमेना. सबंध दुपार घालवलेली होती आणि अण्णांनी अजून ती पाहिली नव्हती. त्यांना बोलावून आण, मी म्हटलं, त्यांनी बघितल्यावर मग काय ते बघू.

अण्णा खाली आले. मोज्यांसकट दारात उभे राहिले. आधी त्यांनी मला पाहिलं, मग बाईला. बंद हॉलमध्ये माझ्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि जिथे थेंब पडेल तिथे रांगोळीत खळगा होत होता. मी तळहात हनुवटीखाली धरून बसलो.

“कंबरपट्टे किती?” त्यांनी विचारलं.

“चार.”

“आणि हा पदर उडतोय कशाने?”

त्यांनी बाईच्या कानांच्या जागी काय आहे ते पाहिलं. तिथे मी गजऱ्याचा मोठा झुपका सोडला होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “ठीक.”

वर्गात ‘ठीक’ मिळालं की निदान कागद घेऊन जागेवर जाता यायचं. इथे मी त्या ‘ठीक’च्या मधोमध बसलो होतो, निघायची सोय नाही. अण्णाही गेले नाहीत. बायकोने त्यांना दारात खुर्ची दिली. ते बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. वहिनी मोदकांकडे गेल्या, बायको मुलीला तयार करायला गेली. मी आणि अण्णा समोरासमोर उरलो, मध्ये ती बाई.

करण्यासारखं काही नव्हतं. माझ्याभोवती वाट्या होत्या, तळाशी थोडा गेरू, काळी, चिमूटभर करडी. पांढरी संपली होती. मी अंग चोरून बसलो तर ताटातली वीतभर फरशी गुडघ्यापुढे मोकळी होत होती. हात स्वस्थ बसेना म्हणून तिथे एक रेघ ओढली. समोर बघितलं. आणखी एक ओढली. आधी सावली भरायला जागाच नव्हती. खांदे मावणार नव्हते, त्यामुळे परातीचा प्रश्न नव्हता. फक्त डोकं मावत होतं, आणि डोक्यावर केस नव्हते. दाराकडून येणारा उजेड एका बाजूने पडला होता आणि त्या उजेडात त्यांचा डावा कान अगदी ढळढळीत दिसत होता. त्याची वरची कड किंचित आत दुमडलेली आहे. जन्मापासून मी त्या माणसासमोर आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

मी वर बघत होतो, खाली बघत होतो, पुन्हा वर. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे बघणं ओळखू येतं. अण्णांनी चष्मा पुसणं थांबवलं, तो लावला नाही, मांडीवर ठेवला. मान होती त्याच कोनात आणून स्थिर केली आणि बसून राहिले. बाहेर गाड्या लागल्याचे आवाज आले. वहिनी लगबगीने सांगायला आल्या की मंडळी आली, आता भाऊजींचं काय करायचं. अण्णांनी मान न हलवता नुसता हात वर केला. वहिनी तिथेच थांबल्या.

मी चिमटीतली रांगोळी वाटीत टाकली, तेव्हा ते चष्मा खुर्चीवर ठेवून उठले. खुर्चीला धरून एकेक मोजा काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवली. मग धोतर जरा वर धरून सरळ चालत आले. काठावरून, निऱ्यांवरून, चारही कंबरपट्ट्यांवरून. मी म्हटलं, अण्णा, रांगोळी.

“असू दे,” ते म्हणाले.

त्यांच्या मागे जांभळी, हिरवी, पिवळी पावलं उमटत गेली. दारात आता बरीच माणसं जमली होती आणि पायांतले बूट-चपला हातात धरून उभी होती. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन्ही गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि वीतभर फरशीवर वाकले. चष्मा खुर्चीवर राहिला होता, त्यामुळे नाक जवळजवळ टेकलं. बराच वेळ त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तोही त्यांनी रांगोळी उडू नये म्हणून एका बाजूला सोडला होता.

“कान खाली आलाय,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

“पांढरी दे.”

पांढरी संपल्याचं मी सांगितलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, हात लांब केला आणि बाईच्या नथीतला एक मोती चिमटीत उचलला. करंगळी फरशीला टेकवली, मी काढलेल्या कानाची कड पुसली आणि जरा वर, जिथे ती खरोखर असते तिथे, दुमडीसकट एका रेघेत ओढली.

मग त्यांना उठता येईना. गुडघा धरला होता. मला त्यांना उचलायचं तर आधी स्वतः उठायला हवं होतं, आणि उठायचं तर ते जिथे टेकून बसले होते तो माझाच खांदा काढून घ्यायला लागला असता. आम्ही दोघे तसेच ताटात बसून राहिलो. दारातून कुणीतरी विचारलं की आरती सुरू करायची का. अण्णा म्हणाले, करा, आम्हाला इथून दिसतंय.